बाराव्या दिवसाचं केशर

ज्या माणसाला सकाळी नारळाच्या पोत्यासकट एसटीतून उतरवायची धमकी दिली, तोच संध्याकाळी किराणा दुकानात गल्ल्यामागे बसलेला दिसला, तेव्हा संगीताला वाटलं... आल्या पावली परत फिरावं.

पण दिवसभर दिग्रस-यवतमाळ करून पाय आंबले होते, आणि तिच्या कंडक्टरच्या खाकी खिशात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. पाळी यायच्या आधीचे सात-आठ दिवस संगीता स्वतःची राहतच नसे. रात्रभर टक्क जागी. दिवसा प्रवाशांवर खेकसायची, आणि मग बस रिकामी झाली की मागच्या सीटवर बसून उगाच रडायची. बाईंनी तिला एक वही ठेवायला लावली होती – रोजची झोप, चिडचिड, रडू, सगळं लिहायचं. आणि त्या दिवसांत झोपताना कोमट दुधात केशराच्या चार काड्या घालून बघ म्हणाल्या. काहींना बरं वाटतं, सगळ्यांनाच नाही.

"केशर आहे का?" तिने होईल तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

त्याने चमकून पाहिलं. "तुमच्यासाठीच पाह्यजे?"

"हो. काहून?"

"काही नाई..." तो लगबगीने उठला आणि स्वतःचं स्टूल तिच्यापुढे सरकवलं. "बसा ना मॅडम. उभ्या नका राहू."

सकाळच्या भांडणाचं नाव नाही. त्याने छोट्या चिमट्याने लालभडक काड्या कागदावर काढल्या, पुडी बांधली, वर दोन खारका ठेवल्या, आणि ओझं उचलत जाऊ नका असं खालमानेने सांगितलं. संगीता पुडी घेऊन बाहेर आली ती पार गोंधळूनच. त्या रात्री तिला झोप लागली. केशराने लागली की स्टुलाने, ते काही तिला कळलं नाही.

लखन त्याचं नाव. पुसदहून मामाचं दुकान सांभाळायला आला होता. पुडी लहान, त्यामुळे संगीताला दर महिन्याला जावं लागे, आणि दर महिन्याला हा काहीतरी विचित्रच बोले. एकदा त्याने मळमळ होते का विचारलं. एकदा म्हणाला, बस खड्ड्यात लय आदळते, मागच्या बाजूला बसत जाऊ नका. एवढी काळजी तर घरी आई, तिची याडीसुद्धा करत नव्हती. आणि सकाळी बस दुकानासमोरून गेली की हा पायरीवर हजर! तिने पाहिलं की लगेच गुळाच्या ढेपेकडे पाहायचा. बघायचं तर बघ ना बाबा, नजर कायले चोरतो?

तिला तो आवडायला लागला होता. पण – आणि इथेच तिचं घोडं अडलं होतं – वही काही वेगळंच सांगत होती. त्यात लखनचं नाव यायचं ते फक्त त्याच दिवसांत, रडू आणि चिडचिडीच्या शेजारी. त्या दिवसांत तर तिला काहीही खरं वाटे. एकदा रस्त्यात चुकलेलं शेळीचं पिल्लू पाहून ती दारव्ह्यापर्यंत रडली होती, आणि पाळी आल्यावर तेच आठवून हसली होती. मग हे प्रेमही तसलंच असलं तर? चार दिवसांनी ओसरणारं?

चौथ्या महिन्यात तिने ठरवलं, आता साध्या दिवशी जायचं. पाळीचा बारावा दिवस. झोप छान, डोकं थंड, या खेपेला घरची पुडीही अर्धी शिल्लक. आज काही वाटलं नाही, तर विषय संपला.

दुपारी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला आणि छातीत असं धडधडलं, की तिला दाराची चौकट धरावी लागली.

लखन धावतच बाहेर आला. "काय झालं? चक्कर आली का? या टायमाले घरी पाह्यजे तुम्ही. पाचवा लागला ना?"

"पाचवा काय?"

"महिना..."

संगीता त्याच्याकडे बघतच राहिली. मग स्टूल, खारका, मळमळ, खड्डे, सगळं एका ओळीत येऊन बसलं, आणि तिला हसू आवरेना. तो बिचारा कानापर्यंत लाल.

"इथं केशर कोण घेते मॅडम?" तो पुटपुटला. "ज्या बाईले दिवस गेले, तीच. लेकरू गोरं व्हावं म्हणून."

आता ह्याला सांगायचं तर खरं सांगावं लागणार होतं. बसमध्ये साठ माणसांवर आवाज चढवणारी संगीता हळू बोलली, "पाळीच्या आधी मले झोप येत नाही. लय चिडचिड होते. म्हणून घेते. लग्न नाही झालं माझं."

लखन खाली स्टुलावर बसला. तिच्याच.

मग मान खाली घालूनच म्हणाला, "चार महिने मी सोताले शिव्या देऊन राह्यलो... दुसऱ्याच्या बायकोसाठी रोज सकाळी पायरीवर उभा राह्यतो म्हणून."

"मंग आता?"

"आता बी राह्यतो." त्याने मान वर केली. "फक्त... गुळाकडे नाई पाहत."

ती पुडी न घेताच निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बस सुटायच्या आधी, संगीताने कंडक्टरच्या सीटवर बसून वही उघडली. बारावा दिवस: चिडचिड नाही. रडू नाही. झोप – अजिबात नाही. शेवटी तिने लखनचं नाव लिहिलं. डॉक्टरीणबाई वही वाचतात हे तिला आठवलं. तिने ते नाव तसंच राहू दिलं, आणि डबल बेल दिली.