डाव्या चाकाचा बोल्ट

एनेलेसीने दारातूनच मागे वळून रस्ता न्याहाळला आणि मगच आत पाऊल टाकलं. उजवा हात गळ्यातल्या फडक्यात अडकवलेला, कपाळावर ताजे टाके. पुढे केलेली खुर्ची तिने भिंतीशी ओढली आणि पाठ भिंतीला लावूनच बसली.

बिझिवेकला वाटलं, बाई गारठली आहे. झोम्बा गावावर चिपेरोनी उतरली होती. त्या बारीक, चिकट धुक्याच्या पावसात माणसाची हाडं ओली होतात. तो चहा ठेवायला उठला.

"चहा राहू द्या, भाऊजी," डोरिका म्हणाली. "आधी दाराला कडी घाला."

डोरिका ही बिझिवेकच्या थोरल्या भावाची बायको. पोलिसातून निवृत्त झाल्यावर कापडाच्या दुकानामागच्या खोलीत बसून ती लोकांची गाऱ्हाणी सोडवायची. बिझिवेक तिची पिकअप चालवायचा. आपण तपासात मदत करतो, असं तो सांगे. तो गाडी चालवतो, असं ती सांगे.

कडी लागल्यावर एनेलेसी बोलू लागली. ती डोंगरमाथ्यावरच्या दवाखान्यात परिचारिका होती. नवरा वारला होता. घरात धाकटा भाऊ सायझी आणि मागच्या खोलीत दीर रशीदी. तिच्या जुन्या गाडीचं पुढचं डावं चाक खडखडू लागलं, तेव्हा सायझीने घरच्या अंगणातच दुरुस्ती काढली. चाकाला धरून ठेवणारा खालचा लोखंडी आर्म उतरवला, त्यातलं झिजलेलं रबरी बुश बदललं आणि आर्म परत जागेवर बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन घाट उतरू लागली. मधल्या वळणावर चाक आडवं होऊन गाडीखाली दुमडलं आणि हातातलं स्टिअरिंग मेल्यासारखं झालं. गाडी कड्यावरून खाली गेली. एका पाइनच्या झाडाने तिला अडवलं, म्हणून एनेलेसी आज इथे बसली होती.

"आर्मचा बोल्टच निघून पडला. पोलीस म्हणतात, सायझीच्या हातून नट ढिला राहिला. पण मावशी, तो घेवडा निवडतानासुद्धा एक खडा सोडत नाही. म्हणजे कुणीतरी नट काढला. नाहीतर त्यानेच..." तिने आवाज खाली आणला, "मी दाराला पलंग लावून झोपते. तो बाहेरून हाक मारतो, ताई, जेवलीस का. आणि मी झोपेचं सोंग घेते."



त्या सकाळी ती कुठे निघाली होती, हे डोरिकाने विचारलं. कोर्टात, साक्षीला. सरकारी जंगलातले पाइन चोरून तोडणाऱ्यांनी एका वनरक्षकाचं डोकं फोडलं होतं. तो एनेलेसीच्या हातांत गेला. जाण्याआधी एवढंच म्हणाला, "लाकूड पेट्यांच्या मागे." बाजारातल्या खोक्यांबद्दल बोलत असावा, असं तिला वाटलं. आदल्या रविवारी जेवताना तिने ते शब्द घरात सांगितले होते. पानावर सायझी होता, रशीदी होता, आणि शेजारचे ग्रेशम काका.

"कोर्टाने आता पुढच्या सोमवारी बोलावलंय," ती म्हणाली. "त्याच घाटाने जायचं."

वर एनेलेसीच्या घरी जाण्याआधी डोरिकाने पोलीस ठाण्याच्या आवारात पडलेली गाडी पाहिली. चिखलात गुडघे टेकून तिने आर्म जिथे अडकतो त्या खोबणीत बॅटरीचा झोत टाकला आणि बिझिवेकला जवळ बोलावलं. लोखंडावर बारीक दातांचं गोल वर्तुळ उमटलं होतं, नवंकोरं.

"बुशच्या नळीला दाते असतात. नट करकचून आवळला तरच ते लोखंडात असे रुततात. तुमच्या भावाच्या गॅरेजात मी बॅटरी धरून उभी राहायची, विसरलात?"

"म्हणजे ढिला राहिला नव्हता?"

"नव्हता. आवळलेला नट कुणीतरी नंतर सोडवला. बोल्ट तेवढा भोकात राहिला आणि घाटाच्या हिसक्यांनी सरकत सरकत पडला."

घाट चढताना बिझिवेक जीव मुठीत धरून गाडी हाकत होता. धुक्यात समोरचं वळण दिसत नव्हतं आणि आपल्या गाडीच्या चाकांत कोणकोणते नट आहेत, हा विचार डोक्यातून जात नव्हता. मधल्या वळणावर मोडलेल्या झुडपांची वाट खाली गेलेली होती. तिकडे त्याने पाहिलं नाही.

सायझी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला होता. पोलिसांनी सोडल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता आणि कुणाशी बोललाही नव्हता. खालच्या मानेनेच त्याने सगळं सांगितलं. आर्मचं भोक खोबणीशी जुळेना, म्हणून ग्रेशम काका पहार घेऊन आले. काकांनी आर्म रेटून धरला, सायझीने पुढून बोल्ट सारला, काकांनी मागून नट चढवला. मग काका गेले. त्यानंतर सायझीच्या लक्षात आलं की बोल्टचं टोक मागे एका रबराला घासतंय. त्याने बोल्ट काढला आणि उलटा घातला, मागून पुढे. चाक लावलं, जॅक काढला, आणि गाडीचा भार चाकांवर आल्यावर नट पुढच्या बाजूने आवळला.

"बोल्ट उलटा घातल्याचं कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. रशीदीभावजी हसले असते. पोलिसांनी तर काही विचारलंच नाही."

"आवळल्यावर गाडी कुठे होती?"

"मागच्या छपराखाली. ताईची संध्याकाळची पाळी होती, मी चर्चमध्ये गायला गेलो." त्याने डोळे वर केले. "मावशी, ताई माझ्या हातचं खात नाही. तिला सांगा ना काहीतरी."

डोरिकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती रशीदीच्या खोलीकडे वळली. बिझिवेकला ते बरं वाटलं नाही.

रशीदीवर मात्र त्याचा लगेच संशय बसला. माणूस लाकडाच्या ट्रकवर चालक, आणि हे घर आपल्या भावाचं आहे, असं उघड बोलणारा. त्याचा ट्रक इंजिन उतरवलेल्या अवस्थेत अंगणात विटांवर उभा होता आणि चाकांच्या जागी गवत माजलं होतं.

"त्या पोराला मी बजावलं होतं, हात लावू नकोस म्हणून," रशीदी गुरकावला. "त्या गाडीचा नट मागे असतो. खाली उताणं झोपल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. यूट्यूब बघून मेकॅनिक होता येतं का?"

वहिनी गेली तर घर तुलाच मिळेल ना, असं डोरिकाने सरळ विचारलं. तो लाल झाला. मग हळू आवाजात म्हणाला, की माझ्या भावाच्या शेवटच्या दिवसांत त्याला तिनेच भरवलं. भांडण भांडणाच्या जागी.

ग्रेशम काकांकडे जाताना बोळातल्या चाकोरीत बिझिवेकचा पाय पोटरीपर्यंत रुतला. चाकोऱ्या खोल होत्या, मोठ्या ट्रकच्या जोडचाकांच्या. तो शिव्या देत बूट शोधू लागला. डोरिका कडेला उभी राहून बोळ कुठे जातो ते पाहत होती. तो काकांच्या मधपेट्यांपाशी संपत होता, पाइनच्या जंगलाच्या अगदी कडेला.

काका पिकल्या केसांचे, मऊ आवाजाचे. त्यांनी पाहुण्यांपुढे मध आणि उकडलेली रताळी ठेवली आणि डोळे पुसले. "बोल्ट बसला आणि मी घरी आलो. नट मीच बोटांनी चढवला होता. परत त्या अंगणात गेलो नाही, आणि पोरगा तेव्हापासून भेटलाही नाही. सकाळी जाऊन नुसतं वाकून पुढून पाहिलं असतं, तरी नट ढिला असल्याचं दिसलं असतं. म्हाताऱ्याच्या जिवाला ही टोचणी राहणार."

डोरिकाने त्यांचं सांत्वन केलं, मध चाखला आणि टेकडावर जाऊन फोन केला. रेंज तिथेच लागायची.

दुपारी सगळे एनेलेसीच्या घरी बसले. धुकं खिडकीला येऊन टेकलं होतं. खालून आलेला हवालदार दाराशी उभा होता. एनेलेसी पुन्हा भिंतीला पाठ लावून, भावापासून शक्य तितकी दूर. बिझिवेक रशीदीच्या शेजारी तयारीत बसला. हा पळाला तर धरायचा.

"नट आवळलेला होता," डोरिकाने सुरुवात केली. "लोखंडात दाते रुतलेत. सायझीला बहिणीला मारायचं असतं, तर त्याने नट आवळलाच नसता. काम अर्धं टाकलं असतं आणि चूक झाली म्हटलं असतं. आधी नीट आवळून मग पुन्हा सोडवायचे कष्ट दुसऱ्याच माणसाला घ्यावे लागले."

एनेलेसीने पहिल्यांदाच भावाकडे पाहिलं.

"बोल्ट सापडलेला नाही. तेव्हा नट कुठल्या बाजूला होता, हे मोडक्या गाडीवरून कुणालाच कळणार नाही. रशीदीला वाटतं मागे. नेहमीचंच आहे ते. पण सायझीने बोल्ट फिरवला होता, नट पुढे आणला होता, आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. ग्रेशम काका, तुम्ही स्वतःच्या बोटांनी नट मागे चढवलात आणि घरी गेलात. मग पुढून वाकलं असतं तर नट दिसला असता, हे तुम्हाला कसं कळलं?"

बिझिवेकची मान सावकाश रशीदीकडून काकांकडे वळली.

काका हसले. "बोलण्याच्या ओघात म्हणालो असेन, बाई."

"तुम्ही पाना घेऊन आधी मागेच गेला असाल. तिथे नुसतं बोल्टाचं डोकं लागलं. नट पुढे सापडला, म्हणून तो तुमच्या डोक्यात पुढेच राहिला. आणि वनरक्षकाच्या पेट्या बाजारातल्या नव्हेत. मधपेट्यांना जोडचाकी ट्रक लागत नाही, काका. आणि रशीदीचा ट्रक तर विटांवर आहे. कोर्टात ते शब्द कुणीतरी ऐकले असते आणि त्याला त्यांचा अर्थ कळला असता."

हवालदाराचा वायरलेस खरखरला. त्याने ऐकून मान डोलावली. पेट्यांच्या मागे ताडपत्रीखाली पाइनचे ओंडके निघाले होते.

काकांचा आवाज अजूनही मऊच होता. "पोरी, मी तुला आदल्या दिवशी म्हटलं होतं, धुकं फार आहे, जाऊ नकोस. तू ऐकलं नाहीस."

त्या आवाजापेक्षा घाटाची भीती परवडली, असं बिझिवेकला वाटलं.

सोमवारी बिझिवेकनेच तिला कोर्टात नेलं. डोरिका पुढे बसली, बहीणभाऊ मागच्या बाकावर. उतार लागला.

"ताई," सायझी म्हणाला, "तुला खरंच वाटलं होतं, मी केलं म्हणून?"

नाही म्हण, बाई, असं बिझिवेक मनात म्हणाला.

"हो," एनेलेसी म्हणाली. "वाटलं होतं."

सायझी तिच्या मोडक्या हाताच्या बाजूला सरकून बसला, गाडी हिसका देईल तेव्हा तो हात कुठे आपटू नये म्हणून. मधलं वळण आलं. बिझिवेकने गाडी पार सावकाश घेतली. सायझीने डोळे मिटले होते. एनेलेसीने मात्र उघडे ठेवले.