मास्तरांची डावी बाजू

"काकू, तुम्ही मागे बसा. आणि गाडी परत येईपर्यंत एक अक्षरही बोलायचं नाही," तपासणी करणाऱ्या बाई हसत म्हणाल्या, आणि तिच्या काळजात चर्र झालं...

तिचे यजमान ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलेलं. मग मेंदूला झटका आला. हात-पाय सावरले, वाचा सावरली, ओरडणं तर सगळ्यात आधी सावरलं! पण गाडी पुन्हा चालवायची तर ही तपासणी पास होणं भाग होतं.

सरावाला दोघंच मोकळ्या मैदानात जायची, ती त्यांच्या डावीकडे. झटक्यानंतर त्यांचे डोळे शाबूत होते, पण मेंदू डावीकडची दखलच घेत नसे. तिकडून कुत्रं आलं, सायकल आली, की तिच्या तोंडून नकळत हलकेच निघायचं, "हं..." आणि ते सावध व्हायचे. आपण वेड्या मायेपोटी काय करतोय हे आता, मागच्या सीटवर बसल्यावर तिला उमगलं.

चौकात डावीकडून एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यावर उतरली. मास्तरांचा पाय ब्रेककडे गेलाच नाही! "हं" तिच्या ओठांवर आला... एवढ्याशा हुंकारात त्यांचा सारा मान, सारं आयुष्य परत मिळणार होतं! पण उद्या ती शेजारी नसेल, तेव्हा? तिने ओठ दातांखाली घट्ट दाबले. तपासणीच्या बाईंनी आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबला आणि गाडी कचकन थांबली.

मास्तर नापास झाले.

"तुला दिसत होती ना ती?" घरात पाऊल टाकताच ते कडाडले.

"दिसत होती."

"मग दातखीळ बसली होती? सरावात एकदा तरी चुकलो होतो का मी?"

खरं सांगावं, तर सरावातलं ते कोवळं यशही त्यांच्या हातून हिसकावल्यासारखं होईल...! "घाबरले हो मी," ती खोटंच म्हणाली.

"बायको नव्हेस, वैरीण आहेस!"

लेकही रडत म्हणाली, "आई, निदान ओरडायचंस तरी गं!" तिने तेही निमूट गिळलं.

घरात अबोला पसरला. एके दुपारी ती डोकं धरून आडवी झाली होती, म्हणून लेकीने वाढलं. मास्तर जेवून उठायला लागले. "आज पोटभर वाढायचंही जिवावर आलं वाटतं?"

"बाबा, अर्धं ताट तर तसंच आहे!"

"कुठाय?"

लेकीने ताट फिरवलं. भाजी, पोळी, सगळं जादूने उगवावं तसं समोर आलं. "आई रोज फिरवते ना. तुम्ही पाणी पिता तेव्हा..."

ते उठून आतल्या खोलीत गेले, पलंगाच्या कडेला टेकले.

"अगं... आणि गाडीत काय फिरवत होतीस?"

"काही नाही हो. नुसतं 'हं' म्हणायचे."

मग त्यांचा बांध फुटला. "आणि मी तुला वैरीण म्हटलं!"

"चारचौघांत नाही म्हणालात, तेवढं माझं नशीब," ती म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता दोघंही हसली.

पुढच्या रविवारी त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि स्वतः डाव्या सीटवर जाऊन बसले. तिने तर जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"क्लच हळू सोड... अगं, हळू म्हणजे हळू!"

गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि ती बंद पडली. ओरडा खायच्या तयारीने तिने मान वळवली. मास्तर तिच्याकडेच बघत होते. या सीटवरून ती त्यांच्या उजवीकडे होती... कपाळापासून हनुवटीपर्यंत, सगळीच्या सगळी दिसत होती!

"काय झालं?" ती लाजली.

"केस किती पिकले गं तुझे," ते गहिवरून म्हणाले. "चल, कर चालू."