बिनवासाची बाटली

आमच्या विद्यापीठाच्या जैववैद्यक विभागात माझ्या टेबलापाशी येणारी माणसं नाक मुरडतात. त्यात माझा काही दोष नाही. माझ्या कपाटात लवंग, रॉकेल, फणस, खोबरेल, फिनाईल, सुकट अशा वासांच्या काचेच्या छोट्या बाटल्या असतात. करोनात वास गेला आणि परत आलाच नाही, अशा पालघरच्या आसपासच्या माणसांचा मी अभ्यास करते. बाटली नाकाखाली धरायची आणि कसला वास येतो ते विचारायचं. अधेमधे एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची असते. भिडेखातर ‘येतो, येतो’ म्हणणारे तिथे सापडतात, आणि आमच्याकडे भिडस्तांना तोटा नाही. माझी सहकारी प्रियंका तिला थापाड्यांची बाटली म्हणायची.

दांडी या किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावात आम्ही गोदूबाईच्या अंगणात बसलो होतो. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि माश्या नुसत्या घोंघावत होत्या. गोदूबाईने जन्मभर मासळी सुकवून विकलेली, पण नाक पार गेलेलं. लवंग नाही, रॉकेल नाही, सुकटीलाही तिने मान हलवली. पाण्याच्या बाटलीला मात्र थांबली. डोळे मिटून तिने पुन्हा हुंगलं.

“हा जानूचा,” ती म्हणाली.

बाजूला तिची सून जमुना मासळी उलटत होती. ती हातातलं तसंच टाकून घरात गेली.

जानू हा गोदूबाईचा एकुलता एक मुलगा. गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता, आणि वादळानंतर ती बोट परतलीच नाही. कोणी म्हणे बुडाली, कोणी म्हणे हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्यांनी पकडली. पकडलेल्यांत त्याचं नाव कुठे येत नव्हतं. गोदूबाईचा दीर कृष्णकांत याचं म्हणणं, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या आणि सून मोकळी करा. गोदूबाई काही केल्या ऐकत नव्हती. हे सगळं आम्हाला शेजारणीने निघता निघता सांगितलं.

त्याआधी मी गोदूबाईला विचारलं होतं, “जानूचा म्हणजे कसला वास, मावशी?”

“डिझेलचा. वल्या कपड्याचा. मंग आंगाचा.”

मी चुकीचं उत्तर म्हणून नोंद केली. आईचं मन, दुसरं काय!

पुढच्या आठवड्यात सरावलीच्या कामगारवस्तीत गेलो. कारखान्यातला एक कामगार, उत्तर प्रदेशातून आलेला, सगळ्या बाटल्यांना ‘कुछ नहीं’ म्हणत होता. पाण्याच्या बाटलीला त्याने डोकं मागे घेतलं.

“डीज़ल,” तो म्हणाला. “भीगा कपड़ा। कोई आदमी है, मैडम।”

त्याने दांडी कधी पाहिलीही नव्हती. परतताना जीपमध्ये प्रियंकाने ती बाटली स्वतः पुन्हा पुन्हा हुंगून पाहिली.

मी चिडले. बाटली दूषित झाली असणार! दुसऱ्या कंपनीचं सीलबंद पाणी मागवलं, नव्या बाटल्या काढल्या, जुन्या पाण्याची यंत्रावर तपासणी करून घेतली. यंत्राने पाणी म्हणून सांगितलं. विभागातल्या पोरापोरींनी चहाच्या सुट्टीत रांग लावून हुंगलं, त्यांनाही काही आलं नाही. मलाही नाही. गावोगाव मात्र तेच चालू राहिलं. ज्यांना बाकी कशाचाच वास येत नव्हता, त्यांनाच पाण्याचा यायचा. सगळे एकच वर्णन करायचे.

मग कृष्णकांत थेट विभागात आला. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, “म्हातारी हटून बसलीय, मॅडम. कालेजच्या बाटलीत पोरगा हाय म्हणते. नारळी पुनवेच्या आत विधी उरकायचाय. तुमीच सांगा तिला.”

त्याचं बरोबर होतं. एका बाटलीपायी जमुनाचा जन्म टांगून ठेवणं मला पटत नव्हतं. मी दांडीला गेले आणि गोदूबाईला सरळ सांगितलं, की बाटलीत फक्त पाणी आहे.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली. “तो पाण्यातच तर हाय.”

तिने बाटली मागितली आणि हुंगून परत दिली.

“आता जवळ आलाय, बाय. आदी डिझेल जास्ती यायचा. आता आंगाचा येतो.”

विधी पुन्हा पुढे ढकलला. आणि नारळी पौर्णिमा तर लांबच, पाऊस लागायच्या आधीच जानू घरी आला. पलीकडच्या तुरुंगातून सुटलेल्या खलाशांबरोबर, सरकारी कागद घेऊन, गळ्यात हार घालून. मला खरंच आनंद झाला. म्हातारीपुढे आपली विद्या हरली याचा थोडा रागही आला. पेढे घेऊन मी दांडीला गेले.

जानू ओट्यावर बसला होता. वाळलेला, शांत. जानू गेला तेव्हा पोटात असलेलं बाळ अंगणातल्या पाळण्यात किरकिरत होतं. जानूने मला नमस्कार केला, तुरुंगातल्या जेवणाचं सांगितलं, हसलासुद्धा. सगळं नीट होतं.

गोदूबाईने मला घरात ओढलं.

“ती बाटली आनलीस?”

पर्समध्ये होती. तिने हुंगली आणि माझं मनगट धरलं.

“इथं अजून येतो.”

“मावशी, जानू बाहेर बसलाय.”

“त्याच्याजवळ गेली मी. गळ्यात पडली. त्याला वासच नाय.”

“तुम्हाला कशाचाच वास येत नाही,” मी म्हटलं. “मग त्याचा कसा येणार?”

तिने दारातून ओट्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “मी कोनाला घरात घेतलाय, बाय?”

मी तिची समजूत घातली. तुरुंग, अशक्तपणा, इतक्या दिवसांची काळजी. बोलता बोलता माझंच मला पटलं, आणि मी हलक्या मनाने बाहेर आले.

जमुनाने जानूपुढे ताट ठेवलं. भात, कालवण, तळलेले बोंबील.

माझ्या पेढ्यांवर माश्या बसल्या होत्या. माझ्या हातावर होत्या. वाळत्या मासळीवर काळा थर होऊन बसल्या होत्या.

त्याच्या ताटावर एकही नव्हती.

त्याच्या ओठांवर कालवण लागलं होतं. तिथेही नाही.

पाळण्यातल्या बाळाच्या डोळ्यांवर माश्या घोंघावत होत्या. ते रडायला लागलं. जमुनाने पदराने वारा घातला, पुन्हा घातला. मग तिने पाळणा उचलला आणि जानूच्या अगदी जवळ नेऊन ठेवला.

“हितं लगेच झोपतं,” ती मला म्हणाली.