तिसऱ्या गोळीची जागा

मी बंदुका नीट करून पोट भरतो. आमच्या धंद्यात थाप चालत नाही. भोक कागदावर जिथे पडलं, तिथेच पडलं, कितीही बोललात तरी ते हलत नाही. म्हणून सांगतो, पुढचं सगळं खरं आहे. माझ्या सख्ख्या भावाचं आहे.

पंधरा नोव्हेंबर २०१८. हरणांच्या मोसमाचा पहिला दिवस. सकाळचे सव्वाआठ. मिशिगनच्या वरच्या टोकाला, आमच्या शिकारीच्या कॅम्पमागची, सीडरच्या झाडांनी भरलेली दलदल.

पण सुरुवात त्याच्या दोन महिने आधी झाली.

सप्टेंबरात माझा थोरला भाऊ वाइनो गॅरेजमध्ये आला. त्याने एक जुनी रायफल बाकावर ठेवली आणि खुर्चीत बसून धापा टाकत राहिला. त्याचं हृदय संपत आलं होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, पुढच्या वर्षीचा मोसम धरू नका.

"बाबांची रायफल," तो म्हणाला. "एक शेवटचं हरीण पाडायचंय. हिच्यानेच. नीट करून दे."

मी ती हातात घेतली. एकोणचाळीस वर्षं ती त्याच्या माळ्यावर पडून होती. बाबा गेले त्या सकाळपासून.

मी त्याला म्हटलं, माझ्याकडे याहून चांगल्या चार आहेत, त्यातली घे. तो हसला.

"तू बंदुकीला पाळण्यात घालून जोजवणारा माणूस. एवढी जुनी झेपत नाही असं सांग की सरळ."

मी चिडलो. आणि चिडलो की मी काम घेतो, हा माझा जुना रोग.

पहिल्या शनिवारी खडीच्या जुन्या खाणीत गेलो. शंभर वारांवर कागद लावला. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली. बाबा वापरायचे तीच एकशेऐंशी ग्रेन वजनाची जड गोळी घेतली.

पहिली गोळी. मधोमध.

दुसरी. पहिलीला चिकटून.

तिसरी...

वर, उजवीकडे, वीतभर लांब.

यात भुताटकी काही नव्हती. नळी तापली की लाकडी दस्त्याला टेकते आणि गोळी भरकटते. रोजचं दुखणं. मी घरी येऊन दस्ता आतून तासला. नळीखालून एक डॉलरची नोट टोकापर्यंत सरकली पाहिजे, ही आमच्याकडची परीक्षा. नोट सरसर गेली. लोखंड जिथे लाकडावर बसतं तिथे नवी बैठक ओतली. स्क्रू सारख्या ताणाने आवळले. दुर्बीण नवी बसवली.

पुढच्या शनिवारी पुन्हा खाण.

दोन एका भोकात. तिसरी वर, उजवीकडे, वीतभर.

मी गोळी बदलली. एकशेपन्नास ग्रेनची हलकी आणली. दोन गोळ्या थोड्या विखुरल्या, पण तिसरी होती तिथेच. मग एकशेपासष्ट ग्रेनची घेतली. काडतुसं स्वतः भरली, दारू दाण्यादाण्याने तोलली. नळीला ही गोळी मानवली. पहिल्या दोन गोळ्यांचं मिळून एकच भोक पडलं. असं काम आयुष्यात दोनतीनदाच होतं.

तिसरी तिथेच.

दोन गोळ्या झाडून एक तास थांबलो. कॉफी प्यायलो, मांस-बटाटा भरलेली पेस्टी खाल्ली. नळी बर्फासारखी गार पडली. मग तिसरी झाडली.

तिथेच.

तेव्हा मी सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. वेगळ्या गोळ्या, वेगळे दिवस, वेगळा वारा. तिसरी सगळीकडे एकाच जागी. आरपार उजेड दिसत होता.

चुकणारी रायफल अशी चुकत नाही. ही नेम धरून चुकत होती.

आणि आणखी एक गोष्ट, जी मी तोपर्यंत मुद्दाम ऐकली नव्हती. त्या खाणीत प्रत्येक आवाजाचा प्रतिध्वनी येतो. पहिल्या गोळीचा आला. दुसरीचा आला.

तिसरीचा आला नाही.

त्याऐवजी थोड्या वेळाने... वाळक्या पानांवर कोणीतरी जड माणूस हळूच खाली बसावा, तसा आवाज.

खाणीत एक झाड नाही.

आता बाबांचं सांगतो. १९७९. वाइनो एकोणीस वर्षांचा होता, मी बारा. बाबा त्याच मोसमात आपली रायफल वाइनोला देऊन स्वतः जुनी बंदूक घेऊन टेकडीवर बसले होते. मी कॅम्पमध्ये भांडी घासत होतो. बाबांनी आम्हाला आवाज मोजायला शिकवलं होतं. एक आवाज, हरीण पडलं. दोन आवाज, बघू. तीन आवाज, हरीण गेलं.

मी तीन मोजले.

बाबा टेकडीच्या अर्ध्या उतारावर सापडले. सीडरला टेकून बसलेले, हातात हरीण ओढायचा दोर. छातीतून गोळी आरपार गेलेली. ती कधीच सापडली नाही. दलदलीच्या पलीकडेही बरेच शिकारी होते, तेव्हा कोणाची भरकटलेली गोळी ते ठरलंच नाही.

वाइनो म्हणाला, मी दोन झाडल्या. त्याने दोन रिकाम्या पुंगळ्या दाखवल्या. हरणाच्या अंगातही दोनच भोकं होती. मी तीन ऐकल्या म्हटल्यावर तो म्हणाला, तिसरा प्रतिध्वनी असेल. मोठ्यांनी मान डोलावली. बारा वर्षांच्या पोराचं कोण ऐकतं.

ऑक्टोबरच्या शेवटी दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाची रबरी पट्टी बदलायची राहिली होती. मी जुनी काढली. आत लाकडात कोणीतरी चाकूने बोटभर भोक कोरलं होतं. त्यात चिंधी कोंबलेली.

चिंधीत पुंगळी होती. काळी पडलेली.

तिसरी.

मी खाली बसलो. वाइनोच्या बसायच्या जागेवरून हरणांची वाट समोर येते. बाबा सापडले तो उतार तिच्या वर, उजवीकडे. दोन आवाज ऐकून बाबा दोर घेऊन मदतीला उतरले असणार. लेकाचं हरीण ओढायला.

मला भावाचा राग यायला हवा होता. नाही आला. एकोणचाळीस वर्षं याने हे एकट्याने कसं गिळलं, एवढंच मनात आलं, आणि मी गॅरेजमध्ये रडलो.

पुंगळी तिच्या चिंधीतच गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली आणि कुलूप लावलं. कोणाला काही बोललो नाही. माझी पहिली चूक.

चौदा नोव्हेंबरच्या दुपारी आम्ही दोघं कॅम्पवर पोचलो. सौना, म्हणजे आमची वाफेच्या अंघोळीची खोली, तापवली. भिंतीवर शर्टांची शेपटं लटकत होती. आमच्याकडे ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं मागचं टोक कॅम्पमधला वडीलधारा माणूस चाकूने कापतो, त्यावर नाव आणि तारीख लिहून खिळ्याला टांगतो. माझी सहा आहेत. वाइनोचं एकही नाही. रांगेच्या मधोमध बाबांनी ठोकलेला एक खिळा रिकामा आहे. का कोण जाणे, तिथे कोणी काही टांगत नाही.

सौनात मी त्याला संधी दिली. वाफेत तोंड दिसत नाही, बोलणं सोपं जातं.

"वाइनो, त्या दिवशी तू किती झाडल्या होत्यास?"

त्याने तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं.

"दोन," तो म्हणाला. "हरणाला भोकं किती होती? मग?"

हे उत्तर त्याने इतक्या वर्षांत इतक्यांदा दिलं होतं की ते आता आपोआप येत होतं. मी पुढे विचारलं नाही.

सकाळी मी रायफल भरून त्याच्या हातात दिली. दोनच काडतुसं घातली.

"ही दोनला चोख आहे," मी सांगितलं. "तिसरीची गरज पडू देऊ नकोस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं, मला कळलंय ते. तो काहीतरी बोलेल असं वाटलं.

"थंडी आहे," तो म्हणाला आणि गेला.

मी टेकडीवर बसलो. बाबांच्या जागी. दुसरी बरी जागा नव्हती, हे मी स्वतःला सांगत होतो. धुकं होतं. पक्षी नाही, वारा नाही.

सव्वाआठला पहिला आवाज. टेकडीवर आपटून परत आला.

दुसरा. तोही परत आला.

मी हसलो. दोन आवाज, बघू. दोर उचलला आणि उतरायला लागलो. अर्ध्या उतारावर आलो आणि थबकलो. हातातल्या दोराकडे पाहिलं.

मी तिथेच आडवा झालो. तोंड मातीत घालून.

काडतुसं दोनच होती. मी स्वतः मोजली होती...

तिसरा आवाज झाला.

माझ्या डोक्यावरून काहीतरी गेलं. सीडरची एक डहाळी तुटून पाठीवर पडली. प्रतिध्वनी आला नाही.

मग पानांवर कोणीतरी बसलं. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी मान वळवली नाही.

खाली वाइनोचा आवाज ऐकू आला. रडत होता की हसत होता, सांगता येत नाही. कोणाशी तरी बोलत होता.

"तीन," तो म्हणाला. "तीन, बाबा. तीन झाडल्या."

थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली. एकदा. मग पुन्हा, बारीक आवाजात.

मी हललो नाही.

तास झाला असेल. धुकं उठलं तेव्हा बाजूला कोणी नव्हतं. मी खाली गेलो. वाइनो सीडरला टेकून बसला होता. अंगावर ओरखडाही नव्हता. हात अजून पुरता गार झाला नव्हता. शेजारी दोन नव्या पुंगळ्या पडल्या होत्या. मी रायफलचा बोल्ट, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणारी खीळ, मागे खेचला आणि आतून तिसरी बाहेर आली.

काळी पडलेली.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मग सहज म्हणून म्हणाले, जरा लवकर आणलं असतं तर कदाचित काही दिवस मिळाले असते. मी मान डोलावली.

त्याचे कपडे पिशवीत घालून दिले. हिरव्या चौकड्यांचा शर्ट, त्या मोसमासाठी नवा घेतलेला. मागचं टोक नव्हतं. चाकूने सरळ रेषेत कापलेलं.

घरी आल्यावर खण उघडला. कुलूप जसंच्या तसं. आत फक्त चिंधी.

कॅम्प बंद करायला गेलो तेव्हा भिंतीकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलंच. मधल्या रिकाम्या खिळ्यावर हिरव्या चौकड्यांचं शेपूट होतं. त्यावर सुताराच्या पेन्सिलीने वाइनोचं नाव आणि तारीख. पंधरा नोव्हेंबर १९७९. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ. तशी फक्त बाबा मारायचे.

मी ते काढलं नाही.

रायफल माझ्याकडे आहे. विकायची म्हणून एप्रिलमध्ये खाणीत नेली. तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्हींचं मिळून एकच भोक पडलं. तिन्हींचे प्रतिध्वनी आले. आयुष्यातलं सगळ्यात चोख काम. मला इतकं हलकं वाटलं की कागद आणायला जाण्याआधी मी सहज आणखी एक झाडली.

प्रतिध्वनी आला नाही.

चौथं भोक त्या जागी नव्हतं. ते डावीकडे होतं, खाली. टेकडीवर मी आडवा पडलो होतो तिथून वाइनोचा सीडर नेमका तिथेच येतो, जिथून त्याने मला हाक मारली होती.

रायफल मी विकली नाही. नोव्हेंबर आला की कॅम्पवर जातो, कारण न जाऊनही झोप लागत नाही. आता कॅम्पमध्ये वडीलधारा मीच आहे. माझ्या शर्टाचं टोक कापायला कोणी उरलेलं नाही.

पण गेल्या वर्षी हिरव्या शेपटाच्या शेजारी एक नवा खिळा दिसला...

तो मी ठोकलेला नाही.