अर्धा तास वाढवून

उद्या तुम्ही बेटावर चालत जाणार, असं तुमचा बाप सांगत होता. जा की. एक पैसा लागत नाही, आणि पैसा लागत नसला की माझ्या पुतण्याचे पाय किती भरभर उचलतात ते मी त्याच्या लहानपणापासून बघतोय. हसू नकोस गं धाकटे, तू त्याच्यावरच गेलीयस. आणि चष्मेवाल्या, तो मोबाइल उलटा ठेव. त्या उजेडात तुझंच तोंड भुतासारखं दिसतंय, मग माझ्या गोष्टीला कोण भिणार?

तर ही गोष्ट माझ्या मेहुण्याची. तुमच्या या आजीचा धाकटा भाऊ. ती आत भांडी लावतेय आणि कान इकडे आहेत, म्हणून जरा हळू बोलतो. गोष्ट खरी आहे. मी जन्मभर थापा मारल्या हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे खरं बोलायची वेळ आली की माझीच पंचाईत होते.

सत्तावीस डिसेंबर, रविवार, रात्रीचे साडेआठ. मेहुणा घरून निघाला. हातात पान्हा, खिशात टॉर्च, सायकलला सुतळी. काम म्हणाल तर अगदी साधं. किनाऱ्यावरची जुनी पाटी काढून आणायची. चार बोल्ट, दहा मिनिटांचं काम. पर्यटनाच्या कचेरीनं त्याला त्या एका कामाची मजुरी देऊ केली होती.

पाटी कसली, ते सांगतो. बेटापर्यंत वाळूचा जो पट्टा जातो, तो ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. पट्टा उघडा असेल तोवर जायचं, शिंपले वेचायचे, खडकातले खेकडे पोरांना दाखवायचे, आणि पाणी चढायच्या आत परत यायचं. ही परतायची वेळ रोज बदलते. ती वेळ पाटीवर खडूनं लिहायची, एवढ्याचसाठी कचेरीनं मेहुण्याला ठेवला होता. रोजंदारीवर. पण ऐट अशी, की जणू समुद्र ह्याला विचारून आत-बाहेर करतो.

त्याची एक पद्धत होती. भरती-ओहोटीच्या तक्त्यात परतायची वेळ सहा-दहा असेल, तर हा लिहायचा पाच-चाळीस. अर्धा तास आधीची. म्हणायचा, "दाजी, माणूस पोरंबाळं घेऊन आला की अर्धा तास उशीर करतोच. एकाची चप्पल सापडत नाही, एकाला शू लागते. तो अर्धा तास मी माझ्याकडे ठेवून घेतो." इथल्या सगळ्यांना हे माहीत होतं. मी त्याला भित्रा म्हणायचो. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचो. तो चिडायचा, मला मजा यायची. माझी चहाची टपरी पाटीपासून वीस पावलांवर. दिवसभर तेवढीच तर करमणूक.

मग कचेरीत नवे साहेब आले. त्यांनी रंगीत कागद छापले, 'कमी खर्चात सहकुटुंब दिवस'. पतंग उडवा, शिंपले वेचा, दीपगृह बघा, बेटावर चालत जा. चौथी पास माणूस मी, पण तो कागद मलाही वाचता आला, अक्षरंच एवढी मोठी. पाचव्या नंबरला 'मोकळा वारा घ्या' असंही होतं. वारासुद्धा साहेबांनीच सोडला होता बहुतेक. तर लोक तक्रार करायला लागले, की पाटीवाला आम्हाला अर्ध्या तासाला फसवतो. साहेबांनी मेहुण्याला बोलावून सांगितलं, उद्यापासून खरी वेळ लिहायची. तोंडी सांगितलं. कागदावर नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सत्तावीस डिसेंबरच. मी म्हटलं ना तो रविवार, त्याच्या बरोबर एक वर्ष आधी. दुपारी मेहुणा खरी वेळ लिहून टपरीवर आला. चपला बाहेर काढून बाकड्यावर पाय वर घेऊन बसला. मी त्याची एक चप्पल उचलून दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये टाकली.

तो निघाला तर चप्पल एकच. शोधतोय, वाकतोय, बाकड्याखाली शिरतोय. मी म्हणालो, "भरतीत गेली असेल, वेळ बघून काढायचीस." दोन गिऱ्हाइकं हसली. हा लालेलाल झाला. म्हणाला, "दाजी, एक महत्त्वाचं सांगायला आलो होतो. आता नाही सांगत." आणि तापल्या वाळूतून एका चपलेवर लंगडत गेला.

त्या संध्याकाळी चार माणसं बुडाली. बाहेरून आलेलं कुटुंब. आई, बाप, मुलगा, लहान मुलगी. पाटीवर पाच-चाळीस होते, त्या दिवशीची खरी वेळ, आणि ते सहा वाजता बेटावरून निघाले. त्यांना मेहुण्यानंच वाळूवर ओढून आणलं. चौघांनाही. एकेक करून.

चौकशी झाली. पाटीवर दर वेळी अर्धा तास राखून लिहितोस, त्याच दिवशी का नाही? हा म्हणाला, साहेबांनी सांगितलं. साहेब म्हणाले, मी असं कशाला सांगेन? झालं. कामावरून काढला. बाजारात लोक त्याच्याकडे बघून पोरांना जवळ ओढायला लागले. त्याची बायको माहेरी गेली ती महिनाभर आली नाही. एकच गोष्ट तो सगळ्यांना सांगत राहिला, "मी लिहिलेली वेळ खरी होती. खरी वेळ समोर असताना ते थांबले का, ते कुणीतरी सांगा मला." कोण सांगणार?

मी टपरीवर चहा गाळत होतो.

आणि वर्षानं त्याच कचेरीनं त्यालाच सांगितलं, पाटी काढून आण, तिथे आता विजेची लावायची. दिवसा गेला असता तर लोकांनी बघितलं असतं. म्हणून रात्री.

पुढचं त्यानं तुमच्या आजीला सांगितलं. तिनं ते मला एकदाच सांगितलं, आणि वर काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी थाप मारली असती.

नऊ वाजायला आले होते. किनाऱ्यावर कुणी नाही. पूर्ण भरती. पट्टा पाण्याखाली. मेहुण्यानं टॉर्च दातांत धरला. पहिला बोल्ट निघाला. दुसरा गंजला होता, तोही निघाला. तिसऱ्याला पान्हा लावला.

मागून आवाज आला.

"काका, परत किती वाजेपर्यंत यायचं?"

किती वर्षांची सवय. हा मागे न बघताच म्हणाला, "पाटीवर आहे तीच वेळ."

मग त्याचा हात थांबला.

पाटीवर काहीच नव्हतं. वर्षभर कुणी लिहिलं नव्हतं. पावसानं धुऊन कोरी.

"पाच-चाळीस," मागचा माणूस म्हणाला. वाचून दाखवतात तसं. "म्हणजे सहा-दहा."

"...सहा-दहा कसे?"

"चहावाले काका म्हणाले. पाटीवाला भित्रा आहे, अर्धा तास आधीची लिहितो. तुम्ही अर्धा तास वाढवून धरा."

मेहुणा वळला.

चौघं होते. बापानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बुटांच्या नाड्या बांधून बूट गळ्यात. आईच्या खांद्याला पिशवी. मुलगा. आणि आईचं बोट धरून लहान मुलगी. टॉर्चचा उजेड त्यांच्यावर पडत होता... आणि मागच्या वाळूवरही पडत होता.

"आल्यावर चहा फुकट आहे," मुलगी म्हणाली. "पण मी त्यांना शिंपला देणार आहे."

मेहुण्याला बोलायचं होतं. वेळ खरी आहे. वाढवू नका. एवढंच. तोंड उघडलं...

ते निघाले. पट्टा जिथून सुरू होतो तिथून. सरळ. पाण्यात. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. पाण्याचा आवाज नाही. हा मागे धावला. कमरेइतक्या पाण्यात गेला. हाका मारल्या. टॉर्च इकडे मारला, तिकडे मारला.

पाणी... नुसतं पाणी.

रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी तो आमच्या दारात उभा होता. कमरेपर्यंत ओला. बगलेत पाटी. तुमच्या आजीनं टॉवेल आणला, तो त्यानं घेतला नाही.

"दाजी, त्या दिवशी ते तुमच्या टपरीवर आले होते?"

"कोण रे?"

"तुम्ही त्यांना काही सांगितलं होतं?"

मी म्हणालो, "दिवसाला शंभर गिऱ्हाइकं येतात. मला काय आठवणार?"

"चहा फुकट देतो म्हणाला होतात?"

"मी? फुकट? तुझ्या बहिणीला विचार, मी कधी तिलासुद्धा काही फुकट दिलंय का."

मी हसलो. एकटाच. त्यानं पाटी भिंतीला टेकवली आणि गेला. त्यानंतर तो या घरात आलेला नाही. तुमची आजी त्याला भेटायला जाते. एकटी जाते.

आता भांड्यांचा आवाज थांबला बघा आत.

थांबू दे. सांगतोच.

आले होते ते टपरीवर. बाप जरा काटकसरी होता, तुमच्या बापासारखा. चार चहा सांगू की दोन सांगू, अशा विचारात पैसे चाचपत होता. मला पाटीवाल्याची आणखी एक थट्टा करायची होती, त्याची चप्पल अजून माझ्या कॅनमध्ये होती. म्हणालो, "अर्धा तास वाढवून धरा, तो भित्रा आहे. निवांत फिरा, आल्यावर चौघांना चहा माझ्याकडून." ती मुलगी म्हणाली, "फुकट नको. मी तुम्हाला शिंपला आणून देईन." मी म्हणालो, "चांगला बघून आण हं, फुटका चालणार नाही."

चौकशीत हे मी बोललो नाही. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं नाही हे काही कारण नाही, ते माझं मला कळतं. चौथी पास असलो तरी.

मेहुणा दारातून गेला त्या रात्री मी झोपलो नाही. पहाटे पाचला टपरीवर गेलो. कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्या कमरेला. फळ्या काढल्या. शेगडी गार. दूधवाला अजून यायचा होता.

आत, गाळणीशेजारी, ग्लास मांडलेले होते.

मी आदल्या संध्याकाळी सगळे धुऊन फळीवर पालथे घातले होते. मी स्वतः. आणि ऐका, मी जन्मभर लोकांच्या खोड्या काढल्यात, खोडी कशी असते ते मला कळतं. खोडी करणारा कुठंतरी दडून बघत असतो. त्याशिवाय त्याला मजा येत नाही. मी टपरीच्या मागे बघितलं. बाकड्याखाली बघितलं. कॅनमध्ये बघितलं. किनाऱ्यावर एक माणूस नव्हता... वाळूवर पाऊल नव्हतं.

चार ग्लास. तीन उताणे, पिऊन ठेवलेले. तळाशी चहाचा गाळ.

चौथा पालथा.

उचलला.

खाली शिंपला होता. ओला. कुठेही न फुटलेला.