गोट्याचा बाण

प्रांजली, माझी नात, नवीन जालन्यात स्टेशनजवळ छपाईच्या दुकानात टाइपिंग करते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिच्या शेजारी बसून सांगायची आणि ती टाइप करायची. मेंढरं घेऊन आम्ही कुठं कुठं फिरलो, त्याचं छोटं पुस्तक करायचं होतं. घरातल्यांपुरतंच.

त्यात बाण आला. फाटा लागला की पुढं गेलेल्यांनी मागच्यांसाठी काटक्यांचा बाण करायचा आणि त्याच्या मधोमध गोल गोटा ठेवायचा. गोटा असला म्हणजे बाण आपला. पुस्तकात मला तो तसाच हवा होता.

"आजी, हा कीबोर्डवर न्हाई," प्रांजली म्हणाली. "पण कॉम्प्युटरमंदी हरेक चिन्हाला नंबर राहतो. तुह्या गोट्याच्या बाणालाबी हाय बघ."

"कोणी दिला?"

"असंल कोणी तुह्यासारखी मेंढरंवाली."

तिनं 'एकवीस एफ चार' असा नंबर लिहून दोन कळा दाबल्या. नंबराच्या जागी बाण आला. मधोमध बारीक गोल. वाटूरच्या फाट्यावरची तापलेली माती माझ्या तळव्यांना लागली.

मग मी त्या फाट्याचं पान सांगितलं. मी आठ वर्षांची, माझी बहीण जयवंता बारा वर्षांची. लंगडं कोकरू घेऊन ती मागं राहिली होती. वडिलांनी मेंढरं उजवीकडं, आष्टीच्या वाटेला लावली. बाण करायचं काम माझ्याकडं होतं. मी उजवीकडं केला. जयवंता आलीच नाही. तीन दिवस शोधलं. कोकरूसुद्धा सापडलं नाही.

सदुसष्ट वर्षं मी हे असंच सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर त्या पानावरचा बाण डावीकडं होता.

"उलटा टाकलास काय गं?"

"म्या कशाला टाकू? आन् तो उलटा होतच न्हाई, आजी. उजव्याचा नंबर अलग, डाव्याचा अलग." बाणापुढं तिनं त्याच दोन कळा दाबल्या, तसा बाणाचा नंबर उघडा पडला. दोन बी तीस. "हा नंबर तर मला ठाऊकबी न्हवता."

तिनं तो बदलला. सोमवारी परत डावीकडं.

मालक राधेश्याम शेठ म्हणाले, मशीन जुनं झालं. फाइल दुसऱ्या मशीनवर घेतली. तिथंही तेच. पुस्तकात तसले बाण अकरा ठिकाणी होते. बाकीचे दहा जागचे हलले नव्हते.

चौथ्यांदा तसं झालं तेव्हा प्रांजली वैतागली. "राहू दे की डावीकडं. कोणाला कळून राह्यलं?"

मला कळत होतं.

त्या सकाळी जयवंतानं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली होती. बाण करताना मी मनात म्हटलं, जाऊ दे जरा डावीकडं, मंठ्याच्या वाटेला. येईल हाका मारत परत.

वडील गेले, आई गेली. त्यांना मी सांगितलं नव्हतं. प्रांजलीला सांगितलं.

ती स्क्रीनकडं बघत बसली. बाहेर ऑटोवाले 'परतूर, परतूर' ओरडत होते.

"मंग असंच लिहू?" तिनं विचारलं.

"लिही."

तिनं लिहिलं. बाणाला हात लावला नाही.

दुसऱ्या दुपारी गेले तेव्हा बाण डावीकडंच होता. मला हलकं वाटलं. पाणी प्यायले.

"आजी," प्रांजली म्हणाली, "त्यातला गोल कुठं गेला?"

मी चष्मा पुसून बघितलं. तिनं कळा दाबल्या.

एकवीस नव्वद.

"साधा बाण झाला हा. त्याच्यात गोटा न्हाईच."



आमच्या रीतीतलं एक मी तिला सांगितलं नव्हतं. मागून येणाऱ्यानं बाण ओळखला की गोटा उचलून घ्यायचा.

तळावर पोचलं की ज्यानं ठेवला, त्याच्याच हातात द्यायचा.