मागं फिरणारं चाक

मोनाली आंजी गावाच्या पांदणीला लागली तेव्हा धुकं असं दाटलं होतं, की हातातलं चाक दिसत होतं आणि त्यापुढची वाट नाही. दोन्हीकडे तुरीची शेतं. पानांवरून दव ठिबकत होतं, आणि त्या ठिबकण्यात मध्येच कुणी पाऊल टाकल्यासारखा आवाज...

"बाकीची सायकल कुठं राह्यली?"

ती दचकली. मोरीच्या कठड्यावर एक तरुण बसला होता. कानाला मफलर, खांद्यावर वायरची वेटोळी.

"बाकीची विकली," ती म्हणाली. "एवढंच वाचलं."

तो हसला. त्याचं नाव अश्विन. शेतातल्या मोटारपंपांची लाइन सांभाळणारा वायरमन. ती आर्वीची, पॉलिटेक्निकमध्ये शिकलेली, आणि हे चाक तिनं स्वतः बनवलेलं. गावाला कालव्यापासून पाइपलाइन आणायची होती. पाइप किती लागेल, ते तिनं मोजून सांगायचं होतं.

"हे मोजते कसं?"

"चाक फिरलं की हा एन्कोडर झटके देते. याच्या दोन तारा हायेत. कोणती आधी बोलली, त्यावरून चाक पुढं चाललं का मागं, हे डब्यातल्या मायक्रोकंट्रोलरले समजते. पुढं गेलं की आकडा वाढते, मागं आलं की कमी होते."

"म्हणजे याच्यापासून काही लपत नाई."

"काही नाई."

"मग मी जरा लांबच राह्यतो," तो म्हणाला, आणि तिच्या बाजूनं चालू लागला.

मोजणी मात्र जुळेना. टेपनं अंतर जास्त भरायचं, चाकानं कमी. डांबरी रस्त्यावर दोन्ही बरोबर. फरक पडायचा तो फक्त पांदण जिथं वळते तिथं, हिवराच्या झाडापाशी. मोनालीनं एन्कोडर बदलला, तारा घट्ट केल्या, प्रोग्राम पुन्हा लिहिला आणि ती पुन्हा आली. अश्विनलाही नेमक्या त्याच खांबांवर दर वेळी काहीतरी बिघडलेलं सापडू लागलं.

"तुमची लाइन लयच बिघडते," ती एकदा म्हणाली.

"तुमचं चाक बिघडलं की लाइन बिघडते, मॅडम. एकाच फीडरवर हायेत दोघं."

तिनं मान वळवून हसू लपवलं.

एका दुपारी ती हिवराखाली चाक धरून नुसती उभी राहिली. जमीन सपाट, वारा नाही. स्क्रीनवरचा आकडा एकानं कमी झाला. मग आणखी एकानं. चाक अगदी सावकाश मागं फिरत होतं. दांडा घट्ट धरला तरी हाताला ओढ जाणवत होती... झोपलेल्याला कुणी हलकेच हलवावं, तशी.

"अश्विन... दिसून राह्यलं का तुम्हाले?"

त्याला दिसत होतं. या वेळी तो हसला नाही.

"पहिले वाट इथून सरळ जाये," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या गवतात विहीर हाये. कठडा नाई. माझा गुलाबकाका धुक्यात सरळ विहिरीत गेला. सोबतचे मागून हाका मारून राह्यलते. तो म्हणे, बायको बलावून राह्यली. काकू तर घरी भाकरी टाकत होती."

मोनालीनं चाक गवतापासून मागं ओढलं.

"धुकं असलं की एकट्या येऊ नका," तो म्हणाला. "एवढं ऐका माझं." आणि तिच्याकडे पाहण्याऐवजी तो उगीच वायर गुंडाळत राहिला.

तिनं ऐकलंही. शेवटच्या मोजणीच्या सकाळी ती मोरीपाशी त्याची वाट पाहत थांबली होती. धुकं उठायचं नाव घेत नव्हतं.

"मोनाली... ये ना इकडे."

त्याचाच आवाज. हिवराच्या बाजूनं. तिच्या गालांवर ऊब चढली. चाक घेऊन ती निघाली.

"ये... थोडंच राह्यलं."

चाक जड झालं. तिनं जोर लावला, तसं ते ओल्या मातीत करकरलं. गवत गुडघ्यांना लागलं. तिनं स्क्रीनकडे पाहिलं. आकडा भराभर उतरत होता. पाय पुढं, आणि चाक मागं...

ती थांबली.

"थांबा!" मागून धावत येऊन कुणीतरी तिचं मनगट पकडलं. अश्विन. त्याला श्वास पुरत नव्हता. "गाडी पंक्चर झालती... कोणाकडे चालल्या तुम्ही?"

"तुमच्याकडे."

तिच्या पायाच्या बोटांपुढचं ढेकूळ निसटलं. बराच वेळ काहीच नाही. मग खोल कुठंतरी पाणी वाजलं.

"तुमचाच आवाज आला मले. नावानं बलावलं."

"मी कधी तुम्हाले नावानं बलावलं?"

"नाई..." ती म्हणाली. "म्हणूनच तर गेली मी."

तो तिच्याकडे पाहत राहिला. तेवढ्यात गवताच्या आतून, अगदी त्याच्याच आवाजात, पुन्हा हाक आली... "मोनाली..." अश्विनचे ओठ मिटलेले होते.

दोघं मागं सरकत सरकत मोरीपर्यंत आले. चाक आता पिसासारखं हलकं चालत होतं.

ऊन वर आल्यावर गावकरी आले. विहिरीभोवती बाभळीचे काटे लागले, कठडा बांधायचं ठरलं. पाइपलाइन दुसऱ्या धुऱ्यावरून, पलीकडच्या बांधावरून न्यायची, असं मोनालीनं सांगून टाकलं. सगळे गेले तरी ती दोघं मोरीवरच होती.

"काकानंच मागं ओढून धरलं असंल चाक," अश्विन म्हणाला. तिनं चाकाला लागलेली ओली माती पुसली. मग तो म्हणाला, "मोनाली."

"हं."

"मले... तू पाह्यजे. तिथं तुले पाह्यलं न्..."

"तो आवाज हुबेहूब तुझा होता," ती म्हणाली. "पण तो असा कापत नव्हता."

तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"रविवारी आर्वीले येजो," ती म्हणाली. "आई घरीच असते."